सेकंदाला नऊशे साठ अक्षरं

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या गल्लीत
चौगुल्यांच्या शेडमध्ये एक मिलिंग मशीन आहे,
सत्त्याऐंशी सालचं.
त्याच्या बगलेत पंचवीस पिनांचं तोंड,
दोन पिना वाकलेल्या,
त्यातली एक माझ्याच हातून.

चौगुल्यांचा सन्मती बेंगळूरहून नवी केबल घेऊन आला.
खोक्यावर मोठ्या अक्षरात: चारशे ऐंशी.
"आता पळतंय बघा की ओ मॅडम."

मी खडू घेतला. पॅनेलचं दार हीच आमची पाटी.
हे चारशे ऐंशी मेगाबिट. बिट, बाइट नव्हे.
आठानं भाग. साठ उरले,
आणि तेही लग्नाच्या यादीतल्या सोन्यासारखे,
लिहिलेले एक, अंगावर येणारे निराळे.
पलीकडचं तोंड ऐकतं नऊ हजार सहाशे.
शून्यं खोड. पन्नास हजार पट.
तुझ्या खोक्यातला एक सेकंद
या तोंडातून आत जायला
तेरा तास त्रेपन्न मिनिटं घेईल.
वर वीस सेकंद.

"मग केबल परत देऊ काय?"

थांब. आणि इथे आठानं भागू नकोस.
इथे दहानं.

कडोलीच्या खळ्यावर मामा भात मापायचा.
पहिलं माप पडलं की "एक" म्हणायचा नाही,
म्हणायचा "लाभ".
मग दोन, मग तीन,
आणि शेवटी वर एक मूठ, हिशोबाबाहेरची.
तसंच हे.
एक बिट, ऐक आता, असं सांगणारा.
सात अक्षराचे.
एक साक्षीचा: आधीचे एकं मोजून जोडी जुळवणारा.
एक, झालं म्हणणारा.
सात नेण्यासाठी दहा चालतात.
म्हणून सेकंदाला नऊशे साठ अक्षरं,
त्याच्यावर एकही नाही.

सन्मतीला पटलं नाही.
मी चहाला वळले, तेवढ्यात त्यानं वेग चौपट केला.
पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग,
कटर धातूत अर्ध्यावर उभा,
अलार्म पंच्याऐंशी.
गुरसिद्धप्पानं लाल बटन दाबलं,
हात पुसले,
आणि पोराच्या खांद्यावर थोपटून म्हणाला,
"स्वल्प निधान, री."

पुन्हा नऊ हजार सहाशे.
तीन लाख चौऱ्याऐंशी हजार अक्षरांचा प्रोग्रॅम,
दारावरच्या गणितात चारशे सेकंद.
पण मशीन खात खात कापतं.
तोंड भरलं की म्हणतं थांब,
गिळलं की म्हणतं दे.
भागाकारात हे थांबणं कुठे मांडायचं
मला अजून कळलेलं नाही.
पाऊण तास धरून चाला, मी म्हटलं.

गुरसिद्धप्पा स्टूल ओढून बसला.
फोन काढला. मुलगी गदगला दिलेली,
परवा नात झाली. फोटो चाळीस लाख बाइटचा.
"ह्या वायरीतनं आला असता तर किती वेळ लागतंय हो?"

मी केबलच्या हिशोबाशेजारीच मांडलं.
चाळीस लाख भागिले नऊशे साठ.
एक तास नऊ मिनिटं.

मला वाटलं हसेल.
त्यानं फोटो पुन्हा बघितला,
वरपासून खालपर्यंत, बोट सरकवत.
"म्हणजे आधी टोपडं."
हो.
"मग कपाळ."
हो, ओळीनं. वरून खाली.
"डोळं कधी येतंय?"

मी अंदाजानं बघितलं. वरून तिसरा हिस्सा.
तेविसाव्या मिनिटाला, म्हटलं.

मशीन म्हणालं थांब. लॅपटॉप थांबला.
गुरसिद्धप्पानं शेडच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं,
फोन पालथा घातला मांडीवर,
आणि सन्मतीला म्हणाला,
चहा आणायला गेलास तर
येताना हळू ये.