एक छेद

शाळेत मी अपूर्णांकांत गटांगळ्या खाणारी.
छेद मोठा झाला की संख्या लहान होते,
हे बाईंनी डब्यातली भाकरी मोडून दाखवलं
तरी डोक्यात शिरलं नव्हतं.
आता उजव्या अंगठ्याखाली चाक फिरतं,
साठ, एकशे पंचवीस, अडीचशे, पाचशे.
तीन खटके, उजेड निम्मा.
आणखी तीन, निम्म्याचा निम्मा.
आलं लक्षात, बाई. सव्वीस वर्षांनी,
एका सेकंडहँड कॅमेऱ्यावर,
ज्याचे चार हप्ते अजून बाकी आहेत.

शटर म्हटलं की आमच्या तांबट आळीत दुकानाचंच.
मुरलीकाकांचं अर्धंच वर जातं,
खांदा धरलाय, ते खालून वाकून आत शिरतात.
पुढ्यात हंडा, हातात मठारायचा हातोडा.
पहिला फोटो एक छेद पंधरावर.
हातोडा दिसतच नाही,
मनगटापासून पुढे एक तपकिरी पंखा
आणि हंडा जागच्या जागी, टोच्यांसकट.
दुसरा एक छेद हजारावर.
अंधार फार, फोटो ज्वारीच्या पिठासारखा भरभरीत,
पण हातोडा कानाच्या वर, हवेत,
थांबलेला.
काकांनी चष्मा कपाळावर सारून दोन्ही पाहिले.
"ह्यात मी काम करतोय," म्हणाले.
"ह्यात कुणाच्या तरी टाळक्यात घालायला निघालोय."

रंगपंचमीला तिवंध्याची रहाड उघडते.
वर्षभर तिच्यावरून स्कूटर जातात,
वराती जातात, भाजीची गाडी लागते.
नव्या सुनेला सांगितल्याशिवाय कळत नाही
की आपण रोज एका दगडी हौदावरून
दळण घेऊन येतो.
मग माती उकरतात, ओंडके काढतात,
पूजा होते, पिवळा रंग ओततात
आणि एक दिवस अख्खी आळी धप्पा मारते.
एक छेद तीनशे पासष्ट.
हा आकडा चाकावर नाही. मी शोधला.

कॅमेऱ्याला दुधाच्या पिशव्या, वर रबरबँड.
एक छेद दोन हजार. ऊन होतं म्हणून निभावलं.
काकांचा नातू निनाद, एकोणीस वर्षांचा,
कठड्यावरून ओरडत सुटला, पाठीवर.
मी दाबलं.
दाबताना आतला आरसा वर उचलला जातो,
तेवढ्यापुरता फोटो काढणाराच आंधळा असतो.
कॅमेऱ्याने पाहिलं, मी नाही.

रात्री मोठ्या पडद्यावर उघडला.
थेंब न् थेंब सुटा.
पायाची बोटं आत वळलेली.
आणि तोंड
अंधारात एकटं जागं झालेल्या
तीन वर्षांच्या पोराचं.
मी चार हातांवर उभी होते. तो तर ओरडत होता,
शिट्ट्या वाजत होत्या, खालून पोरं हात पसरून.
एवढ्या सगळ्यात ती भीती
कुठल्या फटीतून आली आणि गेली?
"हा मी नाही," निनाद म्हणाला.
"उडव ना, ताई."
त्याचे कान अजून पिवळे होते.

कॅमेरा फक्त खालचा आकडा दाखवतो.
साठ. दोन हजार.
वरचा एक लिहीत नाही,
गृहीत धरतो, घरातल्या एखाद्या बाईसारखा.
त्या एकातले उरलेले
एक हजार नऊशे नव्याण्णव हिस्से
आपण हसतच होतो, असं निनाद म्हणतो.
माझ्याकडे पुरावा नाही.

रहाड बुजवली. ओंडके, माती, वरून पाणी.
सकाळी तिथे मेथीच्या जुड्या.
फोटो मी उडवला नाही,
आणखी कुणाला दाखवलाही नाही.
चाक मागे आणलं, हजार, पाचशे, पार साठवर,
आणि काकांच्या पायरीवर जाऊन बसले.
ठोका. मग ठोका. मध्ये काका नाक पुसतात.
कॅमेरा मांडीवरच आहे.
खांदा बरा असावा,
शटर आज पाऊण वर आहे.