आवाजाची वायर

वाशीला, सेक्टर सतरामध्ये, जिन्याखालच्या दुकानात
शिबूने काचेवर दोन खोकी ठेवली.
हे बाहेरचं. हे आतलं.
बाहेरचं म्हणजे डबा. मॉनिटरला जोडायचा,
कॉम्प्युटर बंद असला तरी टीव्ही दिसतो.
‘आईसाठी हेच चांगलं,’ तो म्हणाला,
जणू माझ्या आईला ओळखत होता.
आतलं म्हणजे कार्ड. हिरवी पट्टी, सोनेरी दात.
आधी कॉम्प्युटर लावा, विंडोज येऊ द्या, मग चॅनल.
पण रेकॉर्ड होतं.

मी त्या एका शब्दापाशी अडकले.

आमच्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गणपतीत गेली होती.
साडेसातची मालिका बघायला आई मढवीकाकूंकडे जायची,
दाराजवळच बसायची, जाहिरात लागली की उठायचं नाटक करायची.
आणि तीच मालिका आमच्याकडे
रात्री पावणेबाराला पुन्हा लागायची :
बाबांची सेकंड शिफ्ट, महापेहून कंपनीची बस,
ऐरोलीच्या नाक्यापासून चालत,
आणि आई भात गरम करता करता सांगायची
की आज मधुराने बांगड्या उतरवून टेबलावर ठेवल्या.
‘उतरवल्या, का उतरवायला लावल्या?’
‘उतरवल्या. पण तसं बघत उतरवल्या.’
‘तसं म्हणजे कसं?’
आई हातात झारा धरून तसं बघून दाखवायची.
मी पांघरुणात. सकाळी अकाउंट्सचा पेपर.

मला वाटलं, बिचारे बाबा. त्यांना खरी मालिका मिळायला हवी.

सोळाशे पन्नास. पावती नको म्हटल्यावर सोळाशे.
रविवारी कॅबिनेट उघडलं :
धूळ, एक वाळलेलं झुरळ, मोडेमशेजारी रिकामा स्लॉट.
कार्ड बसताना कट्‌ झालं.
‘मोडलंस?’ आई म्हणाली.
केबलची वायर खिडकीतून आत घेतली,
एकशे सहा चॅनल सापडले, त्यांतल्या चाळिसांवर मुंग्या.
तासाला एक जीबी जागा लागते म्हणून
माझी सगळी गाणी उडवली.

सोमवारी पहिलं रेकॉर्डिंग.
पावणेबाराला बाबा हात धुऊन समोर बसले, खुर्चीवर, सरळ,
फोटो काढायला बसल्यासारखे.
मधुरा आली. तोंड उघडलं.
आतून कुकरची शिट्टी.

मालिकेचे संवाद मागे कुठेतरी, विहिरीत बोलल्यासारखे,
आणि पुढे, अगदी कानाशी, आमचं घर.
मधुराचा नवरा खांद्यावर हात ठेवून म्हणाला,
‘अगं, गॅस बारीक कर.’
बाबांच्या घशात घास अडकला, इतके हसले.
मग डोळे पुसत म्हणाले, ‘पण ती खरं काय म्हणाली?’
आणि आई, ओट्याकडे तोंड करून, सांगायला लागली.

तीन रात्री हे चाललं.
गुरुवारी मला चूक सापडली.
आवाजाच्या खिडकीत बरोबरची खूण माइकवर होती,
लाइन इनवर हवी होती.
एक क्लिक.

त्यानंतर मधुरा स्वच्छ बोलायला लागली.
बाबा एकटे बघायचे, आवाज कमी करून.
सांगायचं काही उरलं नाही म्हणून आई साडेदहाला झोपायची,
ओट्यावर भात झाकून.
पहिल्या आठवड्यात त्यांनी तो गरम केला.
नंतर तसाच.

ते कार्ड भंगारात गेलं, मॉनिटरही.
सोमवारची फाइल डिस्कमागून डिस्क माझ्याबरोबर आली.
नाव टेस्ट एक. छत्तीस मिनिटं.
मधुरा पत्र फाडते, आई म्हणते, ‘वाचलं तरी का बयेने!’
भांडं पडतं. मढवीकाकू जाळीतून विचारतात, लागला का गं टीव्ही?
आई म्हणते, ‘या की, आता आमच्याकडे या.’

पंचविसाव्या मिनिटाला माझा आवाज येतो,
तापलेला, विशीतला :
‘आई, गप्प बस ना जरा. रेकॉर्ड होतंय.’

पुढची अकरा मिनिटं
आई काही बोलत नाही.