शेवटचा म

परशराम केरबा मगदूम.
पहिल्यांदा लिहिलं तेव्हा
चिखलीच्या शाळेची आख्खी भिंत पुरली नाही,
शेवटचा म वळणावर गेला, गिरणीच्या बाजूला.
पंचायत समिती. निशाणी कपबशी.
निळा पेंट, चार आणे अक्षराला,
आणि हा गडी कंदील धरून माझ्यामागं उभा:
'बाबालाल, केरबा जरा ठळक कर गा,
आबा उद्या ह्याच वाटेनं बाजाराला जातोय.'

झेडपीला केरबाचा नुसता 'के.' झाला.
आमदारकीला परशरामचा 'पी.'
माणूस मोठा होत गेला
तशी माझी अक्षरं कमी होत गेली
आणि माझं बिल तर अक्षरांवर.
मंत्री झाला तेव्हा दोनच शब्द, शहरभर:
साहेब आले.

आले ते अकरा महिने.
पाटबंधारे खात्याचे राज्यमंत्री.
कालवा त्यांच्याच गावाच्या अलीकडं
दीड मैलावर थांबला तो थांबलाच,
आता पोरं त्यात क्रिकेट खेळतात,
चेंडू लांब जात नाही म्हणून खूश असतात.

राजकारणातलं मला काय कळतंय.
मला डबे कळतात.
रंग बदलायचा तर खालचा वाळू द्यावा लागतो,
त्यांना रातोरात पाहिजे असायचा, तीनदा.
म्हणून ऊन कडक झालं
की पोपडे निघतात आणि मागचा पक्ष डोकावतो.

आचारसंहिता लागली
की तहसीलचा माणूस यायचा माझ्याच दुकानात,
शनिवार पेठेत दुसरा कोण होता?
आठवड्यापूर्वी लिहिलेलं
चुना घेऊन मीच पुसायचो.
दोन्हीकडची मजुरी. खोटं कशाला बोला.

मग फ्लेक्स आले.
पहिल्यावर साहेब हसत होते,
शेजारी पुतण्या त्यांच्यापेक्षा मोठा हसत होता.
पुढच्यावर साहेब वरच्या कोपऱ्यात,
टपाल तिकिटाएवढे.
त्याच्या पुढच्यावर शोधले, सापडले नाहीत.
पुतण्यानंच पाडलं. साडेतीन हजारांनी.

एका दुपारी आले. रिक्षानं.
पायरीवर बसले, गुडघा दाबत.
'दारावरची पाटी करायची हाय.'
म्हटलं, माजी राज्यमंत्री घालू का नुसतं माजी आमदार?
चहावर साय धरली
तरी बोलेनात.
मग म्हणाले, 'माजी नको.
केरबा घाल. आख्खा.
जागा सोड भरपूर.'

हात कापतो आता माझा,
दूचा उकार तीनदा पुसला.
किती झाले, विचारलं त्यांनी.
बारा अक्षरं, म्हटलं,
आणि पंच्याऐंशीची बाकी दोनशे चाळीस.
खोकला येईपर्यंत हसले.
पाचशेची नोट दिली,
आणि सुटे मोजून घेतले, दोनदा.

त्या वर्षी पंचगंगा चिखलीत शिरली,
आठ दिवस भिंतीला पाणी.
उतरल्यावर बघायला गेलो
तर चाळीस वर्षांचा चुना थरांनी सुटलेला,
बाकीची भिंत कोरी,
फक्त वळणावर, गिरणीच्या बाजूला,
एकटा निळा म.

साहेब तोवर गेले होते.
पाटी अजून आहे म्हणतात, दार कुणी उघडत नाही.

तहसीलचा नवा पोरगा डबा घेऊन उभा,
निवडणूक लागलेली,
ह्याचं काय करू, चाचा?
म्हटलं, राहू दे लेका.
एका अक्षराला
कसली आचारसंहिता.