आकडा

तिघे आले, तीन आकडे सांगून गेले.

पहिल्याने गाडीतूनच, काच खाली करून, मान वर केली.
"उद्या सकाळी. रोख दिलेत तर निम्म्यात."
विम्याचा कागद मागितला तर हसला,
जणू मी त्याचं वय विचारलं होतं.
दुसरा फोनवरच बोलला. झाड त्याने पाहिलंच नाही.

तिसरा गेथिन प्रॉसर.
कुंपणापाशी उभा राहिला, पंधरा मिनिटं काही बोलला नाही.
मग लाकडी हातोडीने खोडावर टकटक,
कान लावून, बोटभर सरकून पुन्हा टकटक.
कुणी सांगितलं नव्हतं तरी मी श्वास रोखून धरला.

शेंड्याकडून वाळत खाली येणारा रोग.
तायवीच्या खोऱ्यातले किती अ‍ॅश त्यानेच चाललेत, म्हणाला.
"आणि मी यावर चढणार नाही."
मग तुला बोलावलं कशाला, मी मनात.
"हे लाकूड आता बिस्किटासारखं मोडतं.
यावर चढायला जो तयार होईल
त्याला फाटकातूनच परत पाठवा."

एम्रिस तयार झाला असता.
एम्रिस चढलाच होता, नव्वद साली,
घरातली शिडी, उसनी करवत,
आणि शिडी टेकवली तीच फांदी कापायला घेतलेली.
तीन महिने पाय प्लास्टरमध्ये,
पुढे जन्मभर चॅपलमध्ये सांगायचा, वारा होता.
वारा कसला?
दोरीवर कपडे निवांत लोंबत होते. मी पाहिलंय.

गेथिनचा आकडा तिघांत मोठा.
त्यात काउन्सिलची परवानगी, वटवाघळांची पाहणी,
फाटकातून जेमतेम शिरेल असा यंत्राचा पाळणा,
खाली दोन माणसं,
शेजारच्या पॉम्फ्रीच्या काचघरावर टाकायच्या फळ्या
(टोमॅटो त्याने मोजून ठेवलेत).
न्हाणीघराच्या नव्या फरशीचे पैसे त्यात गेले.

शेवटी एक फॉर्म. बावीस प्रश्न.
सतरावा: झाडात लोखंड आहे का? खिळा, तार, साखळी?
मी "नाही"वर खूण केली.

कामाच्या आदल्या रात्री अडीचला जाग आली.

दोरी.

तिचं एक टोक न्हाणीघराच्या भिंतीत. आणि दुसरं?
लग्नाच्या पहिल्या वर्षी एम्रिसनेच ठोकला होता
अंगठ्याएवढा जाड लोखंडी आकडा,
होड्यांच्या कारखान्यातून आणलेला,
सांगून आणला की न सांगता, मी कधी विचारलं नाही.
पुढे ड्रायर आला. दोरी गेली.
आकड्यावर झाड हळूहळू ओठ मिटत गेलं.

नाइटीवर रेनकोट, गमबूट, हातात टॉर्च.
साल चाचपत राहिले.
बेंबीएवढी एक खळी सापडली.

पहाटे सहाला फोन केला.
पेपर देऊन झाल्यावर उत्तर बदलू द्या म्हणावं, तशी लाज.
तो एवढंच म्हणाला, "जमिनीपासून किती उंच?"
"माझ्या डोक्यावर वीतभर. नाही, थांबा,
तेव्हा मी उंच होते. दोन इंच जास्त धरा."
पलीकडे किटलीची शिटी वाजत राहिली.
"खोड येस्टिन कापणार होता," म्हणाला.
येस्टिन एकोणीस वर्षांचा.
फाटकाशी मला "गुड मॉर्निंग" म्हणताना लाजतो.

दिवसभर झाड वरून खाली आलं,
गाडीत झोपलेलं मूल घरात आणावं तसा एकेक तुकडा,
दोरीला बांधून, शिट्टी वाजवून, जागा मोकळी करून.
पॉम्फ्री चहाचा मग घेऊन खिडकीत उभा.
एकही काच फुटली नाही. थोडा निराश वाटला.
येस्टिनने खळीच्या वर एक काप घेतला, खाली एक,
मधला ठोकळा उचलून माझ्या पायरीवर ठेवला.

बिलाची शेवटची ओळ हाताने लिहिलेली:
आकडा, लोखंडी, एक. मालकिणीला परत.

मी तो लाकडासकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला.
काटा पुरला नाही.
लाकूड फोडून तो काढावा, दारामागे बसवावा,
रेनकोटाला कामी येईल, असं मनात आहे.
ठोकायला मात्र माणूस बोलावेन.