जवारी

मंगळवारी माझी सुट्टी.
बाकी सहा दिवस मी लोकांना म्हणते,
"श्वास घ्या… धरा… सोडा,"
आणि काचेपल्याड उभी राहून
निम्म्या मिरजेच्या बरगड्या मोजते.
सातव्या दिवशी मला कुणी 'सोडा' म्हणत नाही,
म्हणून बरीच वर्षं तो धरूनच होते मी :
धुणं, लाइटबिल, गॅसचा नंबर,
वरच्या फळीवरचे डबे काढून, पुसून,
परत तिथंच.

दसऱ्यापासून दोन तास मोकळे ठेवलेत.
कशासाठी, असं माणिक विचारतो.
कशासाठीच नाहीत,
म्हणून तर मोकळे.

पहिल्या मंगळवारी अख्खा शाळू भिजवला.
भाकरीपल्याड ह्याला काही जमतं का, बघू.
हरिपूरहून हळदीची पानं आणली
(इकडं हळदीचा भाव सगळे विचारतात, पानाला कोण विचारतंय).
भरडलेला शाळू, लसूण, जवारी मिरची,
आणि हात धजावला म्हणून मूठभर बेदाणा.
पानात गुंडाळून वाफवलं.
वास असा, की शेजारची खिडकी उघडली.
दात लावला तर खडी.
रेबेका सिस्टरनं एक उचललं, उजेडात धरलं,
म्हणाली, "दाताचा एक्स-रे फुकट काढणार असशील
तर खाते."

उरलेल्या तासात चालत सुटले.
सतारमेकरांच्या गल्लीत एका दारात
यासीनचाचा तंबोरा मांडीवर घेऊन बसलेले.
उभी राहिले, तर म्हणाले, "बसा की."
तार छेडली. "काय ऐकू आलं?"
"तार."
"तार तर दिसते. ऐकू काय आलं?"

तेव्हापासून दर मंगळवारी तिथं बसते.
वाजवायला शिकत नाही.
चाचा घोडीवर कानस फिरवतात,
केसाच्याही निम्म्यानं,
फुंकर मारतात, छेडतात,
मान हलवतात, पुन्हा कानस.
ह्याला म्हणे जवारी काढणं.
मी हसले : माझ्या घरी पातेल्यात भिजतेय ती.

घोडी हाडाची.
मी हाडं पाहून पाहून जुनी झाले,
पण हाड बोलतं हे ठाऊक नव्हतं.
आणि तारेखाली सरकवतात तो सुताचा दोरा,
एवढासा, चड्डीच्या नाडीतून निघावा तसा,
त्याचं नाव जीव.
जीव इकडं सरकवला की तार मुकी,
तिकडं सरकवला की नुसती कुरकुर,
मधे कुठंतरी एक जागा,
तिथं एका तारेतून चार बाया एकदम बोलायला लागतात.
ती जागा मला सातव्या मंगळवारी ऐकू आली.
चाचांना सांगितलं नाही.
त्यांनी माझ्याकडं बघून चहा मागवला.

डबा नेला एकदा. चाचांनी चावलं, थांबले,
कान लावल्यागत.
"अजून बंद आहे."
मग दोन रात्री भिजवला, मोड येऊ दिला,
दगडी खलात थोडा कुटला, थोडा तसाच ठेवला.
बेदाणा कमी. मिरची तेवढीच.
ह्या खेपेला जरा खुलली, म्हणाले.
रेबेकानं दोन खाल्ली.
माणिकनं चार, आणि विचारलं,
भाकरी नाही का आज?

बुधवारी कामावर
मार्केट यार्डातला एक हमाल आला,
छातीत दुखतंय म्हणून.
हळदीनं पिवळी पडलेली बोटं, पाठ रुंद.
म्हटलं, श्वास घ्या.
घेतला.
धरा.
धरला, आणि खोलीत
एवढं शांत झालं की मशीनची घरघर,
खाली गेटवर रिक्षावाल्याचं खाकरणं,
आणि ह्या सगळ्याच्या मधोमध
त्याच्या आत काहीतरी बारीक वाजत राहिलेलं…

"बाई," तो कसाबसा म्हणाला,
"सोडू का?"