जागा

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या,
पणजीच्या एका दैनिकात, रात्रपाळीला.
निवृत्त झालो, दुर्भाटला परतलो,
तरी पेपर आला की हात
लाल पेन चाचपतो.

आज फोंडू पेपर टाकून गेला.
उघडतो तर पहिलं पान नाहीच.
तिथे निळा तलाव, काठावर पांढरी खुर्ची,
'तुमचं दुसरं घर, हिरव्या शांततेत.'
पहिलं घर कुणाचं मोडून, ते लिहिलेलं नाही.
उलटलं. सोनं.
उलटलं. कॅसिनोचं जहाज, दिव्यांनी सुजलेलं,
खाली मुंगीएवढ्या टाइपात
जबाबदारीने खेळा.
पाचव्या पानावर पहिलं पान सापडलं,
जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखं.

जाहिरातींत एकही चूक नाही.
त्यांचं प्रूफ तिघं तिघं वाचतात.
बातमीचं आता कुणी वाचत नसावं,
मुख्यमंत्र्यांचं आश्वासनसुद्धा
'अश्वासन' होऊन उधळलेलं.

एक रात्र आठवते.
डोंगर कापल्याची बातमी, तीन कॉलम, फोटोसह,
कायतान बार्रेटोनं गुडघाभर चिखलातून आणलेली.
साडेअकराला खालून फोन:
अर्धं पान आलंय, पैसे भरलेत.
उपसंपादक माझ्याकडे न बघता म्हणाला, जागा नाही.
मी काय केलं?
त्या अर्ध्या पानात 'निसर्गाच्या सानिध्यात' होतं,
तिथे राहिलेला अर्धा न दिला.
सान्निध्य शुद्ध झालं.
मग चहा प्यायलो.
कायतान जिन्यात बसून बुटांचा चिखल खरवडत होता.

मालकाला शिव्या घालणं सोपं.
पण पाच रुपयांत येणाऱ्या पेपराचा
नुसता कागदच त्याहून महाग,
हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं?
उरलेले पैसे कोण भरतं, घरात कुणी विचारलं नाही.
एक रुपया वाढला तेव्हा मात्र
अख्ख्या वाड्यानं पेपर बंद केला, पंधरा दिवस.
शेवंतीनं रस्त्याकडची भिंत सिमेंटवाल्यांना दिली,
रंग फुकटात निघाला, आम्ही तिला हुशार म्हटलं.
जत्रेच्या कमानीवर देवीपेक्षा बिल्डर मोठा,
आणि कमिटीत मी होतो.
आईच्या वर्षश्राद्धाची चौकटही मीच छापली,
कर्मचारी सवलतीत.
तिच्या कपाळाला टेकून सोफ्यांचा सेल.

आमच्या खाजनाचा बांध एका रात्रीत फुटत नाही.
कुर्ली भोक पाडते, बोटभर.
भरतीला खारं पाणी आत येतं,
ओहोटीला सगळंच परत जात नाही.
पहिल्या वर्षी कोपऱ्यातलं भात तेवढं पिवळं पडतं,
आणि कोपरा दुसऱ्याचा असतो.
पूर्वी हाक आली की घरटी एक माणूस
चिखलाचा गोळा घेऊन धावायचा.
बांध कुणाच्या वाट्याचा, ते मागाहून.
आता हाक आली तर आम्ही विचारतो,
टेंडर कुणाला गेलंय?

दुपारी प्रेमावतीनं बांगडे त्याच पानात बांधून दिले.
घरी सोडले तेव्हा तलाव लाल झाला होता,
खुर्चीवर एक खवला.
ओलं पान फेकताना पाठीमागे दिसल्या
अडीच ओळी:
दुर्भाट येथील मानशीच्या फळ्या कुजल्या.
आमचीच मानस. माझ्या घरापासून चारशे पावलं.
मला पेपरातून कळलं,
माशाच्या पेपरातून.

जाऊन पाहून आलो. फळी नखानं निघते.
तीन दारं ठोठावली, दोन उघडली.
उद्या सकाळच्या ओहोटीला आम्ही पाच जण आहोत,
त्यातला एक बारा वर्षांचा.

रात्री साडेअकराला तोच जुना नंबर फिरवला.
जाहिरातीसाठी एक दाबा.
वर्गणीसाठी दोन.
बातमी द्यायची तर काय दाबायचं,
ते न सांगता बाई गाणं लावून गेली.
मध्येमध्ये विचारते, आपण लाइनवर आहात का?

आहे.
रात्रपाळीची सवय आहे, बाई.
मी जागा आहे.