दोन मिनिटं पाच सेकंद

तोर्शाव्नच्या तळघरात रात्रपाळीला मी एकटीच असते,
म्हणजे मी आणि सोळा पंखे.
वर वारा छपरांवरचं गवत उलटं विंचरतोय.

बंदरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र
इथून एकदाच निघतं. एकदाच.
बघणारे चार असोत की चार हजार,
उगमाला त्याचा पत्ता नसतो.
आणि ज्या पत्त्यावर ते निघतं
तिथे कुणी राहत नाही:
दोनशे एकोणचाळीसनं सुरू होणारा एक आकडा,
ना दार, ना पाटी.
ज्याला हवं त्यानं जवळच्या राउटरला सांगायचं,
मलाही.

दवंडी नव्हे ही. दवंडी झोपलेल्यालाही उठवते.
घरोघर टाकलेली पाकिटंही नव्हेत,
नाहीतर समुद्राखालची तार केव्हाच तुंबली असती.
वाट जिथे फुटते तिथेच, अगदी तिथेच
एकाचे दोन होतात,
त्याआधी नाही.
अकरा वर्षं झाली, हे मला अजून आवडतं.

राउटर दर दोन मिनिटं पाच सेकंदांनी विचारतो:
कुणी आहे का अजून?
सगळे जरा थांबतात, प्रत्येकाचं थांबणं वेगळं,
मग कुणीतरी एक म्हणतो, आहे.
ते ऐकून बाकीचे गप्प.
एकाच्या ‘आहे’त सगळ्यांचं भागतं.
ट्रिग्वी, ज्यानं मला हे शिकवलं, म्हणायचा
आमच्या घरी आईनं ‘भांडं उचलू का’ विचारलं
की कुणीतरी एकच जण ‘नको’ म्हणायचा,
तोंडात घास असायचा बाकीच्यांच्या.

स्वीनॉयवर हिवाळ्यात दिवे मोजके.
नोव्हेंबरात त्या फांदीवर सहा होते.
मग तीन.
मग एक.
त्या एका खोक्यासाठी अख्ख्या सामुद्रधुनीखालून
बोटी, दोर, ओला धक्का,
सेकंदाला पंचवीस वेळा.
पैशाचं गणित वरच्या मजल्यावर होतं.
मी फक्त बघत राहिले: आहे.
पहाटे तीनला, आहे.
दुपारी मी झोपेत असताना, आहे.
नऊ दिवस, एकही खंड नाही.

दहाव्या रात्री चहा ओतताना हात थांबला.
‘आहे’ म्हणतोय तो खोका.
समोरच्या खुर्चीत कोण,
डोळे उघडे की मिटलेले,
हे विचारणारा प्रश्न कुणी लिहिलेलाच नाही.

सकाळी नियम मोडून फोन केला.
वाजत राहिला. मी तेवीसपर्यंत मोजलं.
मग एक बाई, बिल्हिल्ड, धापा टाकत,
मेंढ्यांमागून आलेली.
चित्र नीट दिसतंय ना, मी विचारलं,
दुसरं काय विचारणार.

मला कुठे वेळ, ती म्हणाली.
हानुस ग्रीनलंडच्या बाजूला गेलाय मासेमारीला,
मार्चात येईल.
कुत्रा बसतो त्याच्यापुढे.
बंद केला की दार ओरबाडतो,
नवीन रंग दिलाय हो दाराला.
हानुस त्याच धक्क्यावरून गेला ना.
बिल जास्त येणार आहे का?

नाही, म्हटलं. राहू द्या चालू.

आणि नोंदवहीत,
जिथे ग्राहकाचं नाव लिहायला जागाच नसते,
लिहिलं:
स्वीनॉय, एक.
तक्रार दाराबद्दल.